बिबडे तिसात, वेफर्स एकोणतिसात

उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर जे जे वाळतं त्या सगळ्याला एकच शब्द आहे, वाळवण. बिबडे, उडदाचे पापड, कुरडया, बटाट्याचा कीस, लाल मिरच्या, सगळं एकाच जुन्या नऊवारीवर पसरलेलं आणि एकाच पोराला राखणीला बसवलेलं. सरकारदरबारी, ट्रेडमार्कच्या यादीत मात्र वाळवण नावाचं खातं नाही. हे मला एक्केचाळिसाव्या वर्षी साडेचार हजार रुपये घालवून कळलं.

मी जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातली. आमचा धंदा म्हणजे सासूबाईंच्या हाताला असलेली चव आणि माझ्या हातातली वही. २०१४ साली बचत गटाच्या प्रदर्शनात काळा मसाला आणि बिबडे मांडले, तिथून सुरुवात. पुढे यजमानांनी रस्त्याला लागून असलेल्या वावराच्या बांधावर केळीच्या वेफर्सची भट्टी टाकली. आता आम्ही दोघी धरून आठ बायका आहोत. पाकिटावरचं नाव म्हणजे माझी नणंद लहानपणी सासूबाईंना जी हाक मारायची ती. नाव इथे मुद्दामच लिहीत नाही, उगाच जाहिरात वाटायची.

ट्रेडमार्कचा विषय घरात आला तो भुसावळच्या एका दुकानामुळे. लग्नाच्या खरेदीला गेले होते. दुकानाच्या फळीवर आमचंच नाव, आमच्यासारखीच पिवळी पिशवी, आत काळा मसाला. उघडून वास घेतला तर धण्याचा भुसा. दुकानदार म्हणाला, "ताई, नाव काय कोणाच्या बापाचं असतं का?" मी पाकीट विकत घेतलं आणि घरी आणून आईंपुढे ठेवलं. आमच्याकडे सुना सासूला आईच म्हणतात. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि काही न बोलता अंगणात जाऊन चूळ भरली.

आमचा जीएसटीचा हिशेब बघणारे एक गृहस्थ होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, मी करून देतो. फॉर्म भरताना त्यांनी एवढंच विचारलं, "शेतमालाचाच धंदा ना ताई? मग एकतीस." मला वाटलं एकतीस मार्च वगैरे काही असेल. सही केली. पंधरा दिवसांत अर्जाची पावती आली. ती मी देवघराशेजारी खिळ्याला लावली आणि बाराही गावांत सांगून आले की आमचं नाव आता पक्कं झालं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंद माहेरी आली. तिचा मुलगा पुण्यात वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होता. पुरणपोळी-आमरसाचं जेवण झाल्यावर तो हात पुसत देवघरापाशी उभा राहून ती पावती वाचत होता. मग अगदी गंभीरपणे म्हणाला, "मामी, तुम्ही बकऱ्या विकता का?"

ट्रेडमार्कच्या अर्जात आपला माल कुठल्या वर्गातला ते नंबराने सांगावं लागतं. वर्ग एकतीस म्हणजे जमिनीतून, झाडावरून, गोठ्यातून जसंच्या तसं आलेलं. न दळलेलं धान्य, ताजी फळं, ताज्या भाज्या, पेरायचं बी, रोपं, गुरांचं खाद्य, आणि जिवंत जनावरंसुद्धा. आमचा मसाला, आमचे वेफर्स, आमचे बिबडे असे सगळे मिळून कागदावर बकऱ्यांच्या कळपात उभे होते.

त्या दुपारी घरात कोणी झोपलं नाही. भाच्याने फोनवर यादी उघडली आणि आम्हा सगळ्यांची शिकवणी घेतली. या वर्गवारीला नीस वर्गीकरण म्हणतात. फ्रान्समधल्या नीस गावी १९५७ साली देशांचा करार झाला, त्यावरून हे नाव. (आमचे ते गृहस्थ त्याला शेवटपर्यंत 'नाइस' म्हणत होते. काम मात्र नाइस नव्हतं.) एकूण पंचेचाळीस वर्ग. पहिले चौतीस मालाचे, पुढचे अकरा सेवांचे. भारत त्या करारात रीतसर २०१९ साली सामील झाला, पण आपल्याकडची नोंदणी त्याआधीपासूनच याच पद्धतीने चालायची. पहिल्या वर्गात रसायनं आणि खतं, पाचव्यात औषधं आणि कीटकनाशकं, चौदाव्यात दागिने, असं करत करत खाण्यापिण्याचा माल एकोणतीसपासून लागतो.

आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एकाच गच्चीवर वायलं, एकाच हातानं केलं, अन् खातं वेगळं काऊन?"

याचं उत्तर द्यायला आम्हाला संध्याकाळ झाली. भाच्याने मिरची हातात घेतली. हिरवी, ताजी तोडलेली मिरची एकतिसात. वाळवून तिची पूड केली की ती मसाला झाली, म्हणजे तीस. तिचंच लोणचं घातलं तर एकोणतीस. चटणी केली तर पुन्हा तीस, कारण चटणी तोंडी लावणं म्हणून धरतात आणि लोणचं ही टिकवलेली भाजी. आई म्हणाल्या, लोणचं काय आम्ही भाजीसारखं वाडगंभर खातो का? प्रश्न बिनतोड होता. पण यादी जेवणाऱ्याच्या ताटावरून होत नाही. माल कशापासून झाला आणि त्यावर काय केलं, एवढंच ती बघते.

ज्वारीचं तर अजून मजेशीर. पोत्यात आहे तोवर एकतीस. दळून पीठ केलं, आमचं कळण्याचं पीठ, तर तीस. तिचाच कडबा गुरांपुढे टाकला तर एकतीस. आणि शेजारणीची ज्वारी आपल्या गिरणीवर दळून दिली तर चाळीस, कारण तिथे तुम्ही माल विकतच नाही, दळण्याची सेवा विकता.

बिबडे कुठे बसतात यावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. ज्यांनी ते कधी केले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ज्वारी तीन दिवस भिजत घालायची, उपसून कांडायची, मग मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजवायचा. त्यात तीळ, लसूण, मिरची, जिरं. घाटा लाकडी चाटूने ढवळताना खांदे भरून येतात आणि तो बुडबुडतो तेव्हा हातावर गरम थेंब उडतात; माझ्या उजव्या मनगटावर तसे तीन डाग आहेत. मग पहाटे, ऊन चढायच्या आत, गच्चीवर ओलं धोतर अंथरायचं आणि पाण्याचा हात लावून गरम घाट्याचे गोल थापायचे. वाळले की धोतर उलटं करून पाठीमागून पाणी शिंपडायचं, म्हणजे ते सुटून येतात. हे सगळं फोनवर टाइप करून शोधलं तर यादीत काय येणार? बिबडे हा शब्द जगातल्या कुठल्याच यादीत नाही. भाच्याने मग साधं विचारलं, मूळ वस्तू काय? धान्य. शिजवून वाळवलं? हो. मग धान्यापासून केलेला खाण्याचा पदार्थ, तीस. उडदाचे पापडही तिसातच धरतात, गव्हाच्या कुरडयाही. बटाट्याचा कीस मात्र उठून एकोणतिसात गेला, कारण बटाटा भाजी.

केळीचे वेफर्सही तिथेच. केळीचा घड गाडीत चढेपर्यंत एकतीस, रोप एकतीस. सोलून, थेट कढईवर किसणी धरून तेलात पाडली की एकोणतीस. सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, एकोणतीस. रस काढून बाटलीत भरला तर बत्तीस. खोडाचा धागा काढणारे लोक आता आमच्या भागातही आहेत, तो कच्चा धागा बावीस. एका केळीच्या बागेत उभं राहून चार वर्ग मोजता येतात, हे रावेर-यावलच्या कुठल्याच बागायतदाराला कोणी सांगितलेलं नसेल.

तेवढ्यात चुलत सासरे आले. ते तीस वर्षं जिनिंगमध्ये मुनीम होते. कोपऱ्यात सुपारी कातरत बसले होते, ते एकदम म्हणाले, "कापसाचं सांग." भाच्याने बघितलं. कच्चा कापूस बावीस, सूत तेवीस, कापड चोवीस, शिवलेला कपडा पंचवीस. सरकीचं खायचं तेल एकोणतीस, सरकीची पेंड एकतीस. काकांनी ते बोटांवर दोनदा मोजलं आणि म्हणाले, "जसा माल पुढे सरकतो तसा नंबर सरकतो. हे ज्यानं केलं त्याला जिनिंग कळत होती." मला वाटतं या वर्गवारीची इतकी चांगली तारीफ कोणी वकीलही करणार नाही. (पण सगळीकडे असं सरळ नाही. जळगावच्या कारखान्यांतले प्लॅस्टिकचे पाइप बघा. बांधकामाचे कडक पाइप एकोणिसात, वाकणारे सतरात, ठिबकचे ड्रिपर अकरात. आणि जळगावची चटई सत्ताविसात.)

आईंनी शेवटी स्वतःचा हिशेब लावला, तो मी आजही वापरते. झाडावरून, वावरातून आलं तसं असलं तर एकतीस. फळाला, भाजीला तेल-मीठ-ऊन लागलं तर एकोणतीस. दूध, तूप, अंडी, मटण तेही तिथेच. धान्य दळलं, मसाला कांडला, चहा-साखर-मीठ, तर तीस. "म्हंजे फळीवरचे तीन डबे," त्या म्हणाल्या. तीन डबेच.

हे सगळं झाल्यावर मी विचारलं, मग तो अर्ज दुरुस्त करू या ना, एकतीसच्या जागी तीस. इथे भाच्याचा चेहरा पडला. अर्जात चूक दुरुस्त करायला टीएम-एम नावाचा फॉर्म आहे. पत्त्यातली चूक, स्पेलिंगमधली चूक सुधारते. यादीतला माल कमीही करता येतो. पण अर्जात जो माल मुळात नव्हताच तो नंतर घालता येत नाही. २०१७ च्या नियमांतच तसं लिहिलंय. म्हणजे बकऱ्यांचा अर्ज बकऱ्यांचाच राहणार. साडेचार हजार गेले. पावती मी खिळ्यावरून काढली, खिळा तसाच आहे.

फी वर्गागणिक असते. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे साडेचार हजार, इतरांना नऊ हजार. आम्हाला एकोणतीस आणि तीस, दोन वर्ग हवे होते, म्हणजे नऊ हजार. एकाच अर्जात दोन वर्ग टाकता येतात, फी तेवढीच. पण भाच्याच्या सरांनी सल्ला दिला की दोन वेगळे अर्ज करा. एका वर्गावर आक्षेप आला तर दुसऱ्याचं काम अडकत नाही. हा सल्ला पुढे लाखमोलाचा ठरला.

अर्जाआधी नाव शोधायचं असतं, आणि ते पण वर्ग निवडून. आमच्या हाकेचं नाव एकतिसात एका बियाणे कंपनीकडे, पंचविसात कपड्यांच्या कोणाकडे तरी निघालं. त्याने आमचं काही अडत नव्हतं. एकोणतिसात तर मोकळं रान. तिसात उच्चाराने जवळचं एक नाव होतं, चहाचं. मी म्हटलं, चहा वेगळा, मसाला वेगळा. भाचा म्हणाला, "मामी, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल."

सुरुवातीला मला नावाच्या आधी 'खान्देशी' हवं होतं. ते त्याने काढायला लावलं. गावाचं, प्रदेशाचं, मालाच्या जातीचं किंवा गुणाचं नुसतं वर्णन करणारा शब्द कायद्याच्या कलम नऊमध्ये अडतो. 'खान्देशी काळा मसाला' हे तर यावलपासून नवापूरपर्यंत प्रत्येक घरात आहे, ते एकाच्या नावावर कसं होणार? मग मी म्हटलं, वेफर्सवर 'जळगाव केळी' लिहू. तेही नाही. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, भरिताच्या वांग्याला आणि नवापूरच्या तूरडाळीलाही. ते मानांकन त्या भागातल्या शेतकऱ्यांचं, सगळ्यांचं मिळून. एकाच्या ट्रेडमार्कमध्ये ते घालता येत नाही. बामणोदच्या भरिताच्या वांग्यांवर वाढलेल्या बाईला हे पटायला वेळ लागला नाही.

ऑनलाइन अर्जाला डिजिटल सही लागते. ती काढून देणारा मुलगा फोनवर म्हणाला, "मॅडम, क्लास थ्री लागेल." मी म्हटलं, अरे बाबा, तिसरा वर्ग साबणाचा आणि अगरबत्तीचा, आमचा मसाला आहे. तो गप्पच झाला. डिजिटल सहीचाही क्लास थ्री असतो, हे मला नंतर कळलं. नंबरांचा हा घोळ पुढेही होत राहिला. जीएसटीत मसाले नवव्या प्रकरणात येतात. ट्रेडमार्कचा नववा वर्ग बघितला तर तिथे कॉम्प्युटर आणि मोबाइल. आमच्या आधीच्या गृहस्थांना या दोन खात्यांतला फरक माहीत नसावा असा माझा संशय आहे.

नाव मराठी, म्हणून अर्जात त्याचा अर्थ लिहायचा होता. लहान मुलाच्या बोबड्या हाकेचा अर्थ काय लिहिणार? भाच्याने इंग्रजीत लिहिलं की शब्दाला कोशात अर्थ नाही, घरात आईला मारायची ती हाक आहे. आईंना वाचून दाखवलं तर त्या लाजल्या.

नाव कधीपासून वापरता ते सांगायचं असेल तर शपथपत्र आणि पुरावे लागतात. २०१४ च्या प्रदर्शनातली टेबलाच्या भाड्याची पावती, पिशव्या छापून घेतल्याचं बिल, आणि माझी पहिली बिलबुकं. त्यातल्या एका पानावर तेलाचा पारदर्शक डाग होता आणि त्या डागातून मागच्या पानावरचे आकडे दिसत होते. भाचा म्हणाला, हेच पान स्कॅन करा, याच्याएवढं खरं काही नाही.

आणि मग माझी चूक. मालाचं वर्णन लिहिताना भाच्याने तीसच्या अर्जात लिहिलं: मसाले, पापड, बिबडे, कुरडया, पिठं. मी वाचलं आणि मला हाव सुटली. साडेचार हजार देतोय तर पूर्ण डबाच आपला का नाही? उद्या आपण चहा विकला तर? बिस्किटं केली तर? यादीच्या मथळ्यात असलेलं सगळं, चहा, कॉफी, साखर, तांदूळ, बेकरीचा माल, मध, मीठ, बर्फ, मी घालायला लावलं. बर्फसुद्धा! त्याने दोनदा सांगून बघितलं, मामीपुढे गप्प बसला. एकोणतीसच्या अर्जात मात्र त्याचंच चाललं: केळीचे वेफर्स, बटाट्याचा कीस, लोणची.

अर्ज गेले. त्यानंतर रोज सकाळी चहाबरोबर स्टेटस बघायचा नाद लागला. 'फॉर्मॅलिटीज चेक पास'. मग बरेच दिवस 'मार्क्ड फॉर एक्झाम'. मुलाच्या दहावीच्या निकालाची मी इतकी वाट पाहिली नव्हती. एके दिवशी दोन्ही अर्जांपुढे लाल अक्षरात 'ऑब्जेक्टेड'. मी रडायच्या बेतात. भाचा म्हणाला, घाबरायचं काही नाही, हे रोजचंच असतं. तपासणीचा अहवाल हाती आल्यापासून महिन्याच्या आत उत्तर द्यायचं. ते चुकलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात. आमचा बकऱ्यांचा अर्ज पुढे तसाच सुटला, मुद्दाम सोडला.

एकोणतिसातला आक्षेप किरकोळ होता, कागदांनी उत्तर दिलं. तिसातला मात्र तोच, चहावाला. कलम अकराखाली समोर ठेवलेला: उच्चाराने जवळचं नाव, आणि तुमच्या यादीतही चहा. हा चहा माझ्या हावेने आणला होता.

उत्तर तयार करताना भाच्याने सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांची गोष्ट सांगितली. एक १९९६ चा. चारमिनार नाव सिगारेटवाल्यांकडे होतं आणि त्यांची नोंदणी तंबाखूच्या मालावर सरसकट होती, पण ते बनवत होते फक्त सिगारेट. दुसऱ्याला ते नाव जर्दा आणि किवामसाठी हवं होतं. न्यायालय म्हणालं, बनवत नाही त्या मालावर वर्गभर मक्ता ठेवता येणार नाही. दुसरा २०१८ चा. कर्नाटकातल्या दूध महासंघाचं नंदिनी दूध आणि बंगळुरूच्या हॉटेलवाल्यांचं नंदिनी डिलक्स. वर्ग तेच, एकोणतीस आणि तीस. तरी माल वेगळा, चित्र वेगळं म्हणून हॉटेलवाल्यांना नोंदणी मिळाली, दूध आणि दुधाचे पदार्थ सोडून. म्हणजे वर्ग ही भिंत नाही. एकाच वर्गात दोघं राहू शकतात. आणि उलटही खरं: वर्ग वेगळे असले तरी माल एकमेकांच्या जवळचा असेल तर भांडण होऊ शकतं. वर्ग हा कचेरीने सोयीसाठी लावलेला डबा. झाकण उघडून आत काय आहे ते बघावंच लागतं.

मी विचारलं, मग मला आधी का नाही सांगितलंस?

"सांगितलं होतं, मामी."

टीएम-एमने आम्ही चहा, कॉफी, साखर, मध, बर्फ सगळं काढलं. नऊशे रुपये. यादी परत तिथेच आली जिथे त्याने पहिल्यांदा लिहिली होती. माल कमी करता येतो, वाढवता येत नाही, हा नियम या वेळी आमच्या बाजूचा होता. न विकणाऱ्या मालावर नाव अडकवून ठेवलं तरी ते फार टिकत नाही. नोंदणीनंतर सलग पाच वर्षं वर तीन महिने वापरलंच नाही तर ज्याचं त्यामुळे अडतं असं कोणीही ते काढून टाकायला अर्ज करू शकतं.

एकोणतीस पुढे सरकला. ट्रेडमार्क जर्नल सोमवारी निघतं, त्यात आमचं नाव छापून आलं. तिथून चार महिने कोणालाही विरोध करायची मुभा असते. त्या चार महिन्यांत भुसावळचा तो नकलीवाला काही करेल या भीतीने माझं वजन दोन किलो उतरलं. त्याने काही केलं नाही. बहुधा त्याला जर्नल माहीतच नसावं. प्रमाणपत्र ईमेलने आलं, अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षांचं. अंगठा लावून मिळालेल्या सातबाऱ्यासारखं मी ते किती वेळ बघत होते.

तीस मात्र सुनावणीला गेला. मुंबईचं कार्यालय अँटॉप हिलला आहे, पण सुनावणी व्हिडिओवर होती. अर्जदार स्वतः बोलू शकते, म्हणून मीच बसले. सकाळी अकराची वेळ, भट्टी बंद ठेवायला लावली होती, तरी एक बाई सवयीने किसणी घेऊन आलीच. साहेबांनी हिंदीत विचारलं, चाय बेचते हो? मी म्हटलं, नहीं साहब, पीते हैं. ते हसले की नेटवर्क अडकलं ते कळलं नाही. मग त्यांनी पाकिटाचं चित्र बघितलं, कमी केलेली यादी वाचली, वापराची तारीख विचारली. मी ते तेलाचा डाग असलेलं बिल कॅमेऱ्यापुढे धरलं. सगळं मिळून चार मिनिटं. आईंनी दारामागून ऐकलं होतं. म्हणाल्या, "एवढ्यासाठी नवी साडी नेसली व्हती का?"

काही आठवड्यांनी स्टेटस बदललं. तिसाचा अर्ज स्वीकारून जर्नलमध्ये छापलाय. चार महिन्यांतले दोन झाले, दोन राहिले.

आता अडचण आहे ती छपाईची. नोंदणी झालेल्या नावापुढे गोलातला आर लावता येतो. नोंदणी नसताना तो लावला तर कलम एकशे सातप्रमाणे गुन्हा. अर्जावर असेल तोवर नुसतं टीएम. म्हणजे वेफर्सच्या पिशवीवर गोलातला आर, मसाल्याच्या आणि बिबड्यांच्या पाकिटावर टीएम. छापखानेवाला म्हणाला, मॅडम, एकच ब्लॉक करू, स्वस्त पडेल, कोण बघतंय. मी नाही म्हटलं. दोन ब्लॉक केले.

गेल्या शुक्रवारी आठही जणी पाकिटं भरायला बसल्या होत्या. आईंना इंग्रजी वाचता येत नाही. त्या पिशव्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन एकेक उलटून बघत होत्या. गोल दिसला की डावीकडे वेफर्सच्या पाटीत, नाही दिसला की उजवीकडे मसाल्याच्या. मधेच थांबून एक पिशवी त्यांनी उजेडाकडे धरली, नखाने त्या गोलावर खरवडून बघितलं, निघत नाही याची खात्री केली आणि डावीकडे टाकली.